आधी पाणी, मग वाट

बुलढाणा जिल्हा म्हटले की शेगावचे गजानन महाराज, लोणारचे सरोवर आणि सिंदखेडराजाचा जिजाऊंचा वाडा ही तीन नावे शहरी माणसाला चटकन आठवतात. या जिल्ह्यात डोंगर आहेत आणि त्या डोंगरांवर बऱ्यापैकी जंगलही आहे, याची दखल अनेकांनी प्रथम घेतली ती २०१९ च्या डिसेंबरात, आणि तीही एका वाघामुळे. यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यात जन्मलेला, वनखात्याच्या दप्तरी 'टी-१ सी-१' अशी नोंद असलेला हा तरुण नर गळ्यात रेडिओ कॉलर घेऊन २०१९ च्या जूनमध्ये घराबाहेर पडला. शेते, नाले, महामार्ग ओलांडत, कधी तेलंगणात तर कधी मराठवाड्यात फिरत तो बुलढाणा-खामगाव दरम्यानच्या ज्ञानगंगा अभयारण्यात येऊन थांबला. पुढे २०२० च्या एप्रिलमध्ये कॉलर काढले, तोपर्यंत त्याची एकूण चाल सुमारे ३ हजार किलोमीटर भरली होती.

एवढ्या प्रवासात माणसाशी त्याचा संघर्ष असा जवळजवळ झालाच नाही. एक जण जखमी झाला, तोही वाघ झुडपात विसावला असताना त्या झुडपात शिरू पाहणाऱ्या घोळक्यातला होता. बुलढाण्याच्या डोंगरांत पायी भटकंतीचा बेत आखणाऱ्याने ही हकिकत आधी ध्यानात घ्यावी. जंगलात धोका असतो, पण बहुतेक वेळा तो आपल्या चुकीच्या जागी आणि चुकीच्या वेळी जाण्यातून उभा राहतो. ती जागा आणि ती वेळ टाळणे म्हणजेच नियोजन. बुलढाण्यात या दोन्ही गोष्टी ठरवते ते पाणी.

दोन डोंगररांगा, मध्ये खारपाण

जिल्ह्याचा नकाशा समोर ठेवला तर रचना सोपी आहे. उत्तरेला जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांच्या माथ्यावर सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याची रांग आणि या दोहोंच्या मधून पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणाऱ्या पूर्णेचे सपाट, काळ्या मातीचे खोरे. बुलढाणा शहर अजिंठ्याच्या रांगेवर, समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटरच्या आसपास उंचीवर वसले आहे. त्यामुळे शहरातून खाली मोताळ्याकडे किंवा खामगावकडे उतरताना घाट लागतो. नळगंगा, विश्वगंगा, ज्ञानगंगा या नद्या याच कड्यावरून उत्तरेला उतरून पूर्णेला मिळतात. पैनगंगा मात्र याच डोंगरांत उगम पावून उलट दिशेने, पूर्वेकडे निघून जाते.

नद्यांची नावे इतकी असूनही हा प्रदेश पाण्याच्या बाबतीत कंजूष आहे. कारण खडकात आहे. सह्याद्रीप्रमाणेच हे डोंगरही काळ्या बेसाल्टचे. पण येथे पाऊस सह्याद्रीच्या घाटमाथ्याच्या मानाने काही हिश्शांनीच पडतो आणि घट्ट बेसाल्ट पाणी फारसे साठवत नाही. भेगांमध्ये जिरलेले थोडे पाणी हिवाळ्यापर्यंत पुरते, मग नाले कोरडे पडतात. सातपुड्याच्या पायथ्याशी वेगळीच अडचण येते. डोंगरातून वाहून आलेल्या दगडगोट्यांचा जाड थर तेथे पसरला आहे. वरून वाहत येणारा ओढा या थरात शिरला की पावसाळ्यानंतर पाहता पाहता दिसेनासा होतो. त्याखाली पूर्णेच्या खोऱ्यात गेले तर विहिरीला पाणी असते, पण ते खारे. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला हाच तो खारपाणपट्टा. 'पायथ्याच्या गावात बाटल्या भरून घेऊ' हा सह्याद्रीत चालणारा हिशेब येथे फसतो तो यामुळे. शेगाव, खामगाव किंवा जळगाव जामोद सोडतानाच पिण्याचे पाणी गाडीत असले पाहिजे.

ऋतूची निवड

येथील जंगल उष्ण प्रदेशातले असले तरी कोकणासारखे सदाहरित नाही. ते शुष्क पानझडीचे आहे. साग, अंजन, सालई, धावडा, तेंदू, पळस आणि मोह ही त्यातली मुख्य झाडे. जानेवारी संपत आला की सागाची पाने गळू लागतात आणि मार्चमध्ये तर डोंगर अक्षरशः उघडा पडतो. मग सावली नाही, पाणी नाही आणि पायाखाली वाळलेल्या पानांचा थर. मे महिन्यात खालच्या मैदानात पारा ४३-४४ अंशांपर्यंत चढतो. वनखात्याच्या लेखी १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम असतो. या काळात येथे पायी डोंगर चढण्याचा बेत करू नये.

पावसाळा हिरवागार आणि मोहक खरा. परंतु ओल्या काळ्या मातीत बुटाला किलोकिलोचा चिखल चिकटतो, गवत कमरेइतके वाढते आणि त्यात साप, विंचू, गोचीड काहीच दिसत नाही. व्याघ्र प्रकल्पातले बरेचसे पर्यटन मार्गही पावसाळ्यात बंद ठेवले जातात. त्यामुळे चालण्यासाठी खरा काळ उरतो तो ऑक्टोबरच्या उत्तरार्धापासून जानेवारीअखेरपर्यंत. त्यातही नोव्हेंबर आणि डिसेंबर सर्वांत चांगले. ओढ्यांना थोडे पाणी असते, पाने झाडावर असतात आणि उन्हाचा ताप सोसवतो. मात्र डिसेंबरात सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि पावणेसहाला मावळतो, हे विसरून चालत नाही. पहाटेचा आणि तिन्हीसांजेचा संधिप्रकाश वगळला, तर चालण्यासाठी हाती जेमतेम नऊ तास येतात.

परवानगी ही औपचारिकता नव्हे

जिल्ह्यातले चांगले जंगल प्रामुख्याने दोन अभयारण्यांत आहे. अजिंठ्याच्या रांगेतले ज्ञानगंगा सुमारे २०५ चौरस किलोमीटरचे, तर सातपुड्यातले अंबाबरवा सुमारे १२७ चौरस किलोमीटरचे. दोन्ही १९९७ मध्ये घोषित झाली. अंबाबरवा पुढे मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या व्यवस्थेत आले. लोणारच्या विवराचा परिसरही अभयारण्य आहे.

वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या कलम २७ नुसार अभयारण्यात कोणी प्रवेश करावा यावर बंधन आहे. सार्वजनिक रस्त्याने जाणाऱ्याला मुभा आहे, पण रस्त्यावरून खाली उतरून झाडीत शिरण्याची नाही. बुलढाणा-खामगाव रस्ता बोथ्याच्या जंगलातून जातो. तेथे कडेला गाडी उभी करून सरळ डोंगर चढू लागणारे हौशी तरुण हाच भेद विसरतात. पर्यटन आणि छायाचित्रण यांसाठी कलम २८ अन्वये परवाना मिळू शकतो. कलम ३० आग लावण्यास, तर कलम ३१ विनापरवाना शस्त्र नेण्यास मनाई करते. म्हणजे रात्रीच्या शेकोटीचा आणि चुलीवरच्या पिठल्याचा बेत अभयारण्यात मुळातच बाद ठरतो. नियमभंगाला तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

अभयारण्यात पायी फिरण्याची सरसकट सोय नसते, हेही आधीच समजून घ्यावे. बहुतेक ठिकाणी वाहनातून, ठरलेल्या मार्गाने आणि नोंदणीकृत वाटाड्यासह फेरी असते. पायवाट खुली असेल तर ती कोणती, किती वाजेपर्यंत आणि आठवड्यातला कोणता दिवस बंद, हे संबंधित वन्यजीव विभागाच्या वनपरिक्षेत्र कार्यालयातच विचारावे. ही चौकशी किमान दोन आठवडे आधी करावी, आणि उत्तर नकारार्थी आले तर बेत बदलावा. परवानगी मागताना गटातील सर्वांची नावे, ओळखपत्रे, वाहनाचा क्रमांक आणि परतीची वेळ लिहून द्यावी लागते. हा कागद गटासाठीच उपयोगाचा असतो. संध्याकाळी नाक्यावर ठरल्या वेळी कोणी परतले नाही, हे त्यामुळेच कोणाच्या तरी ध्यानात येते.

पाण्याचा हिशेब

चालण्याचा वेळ काढण्याची जुनी पद्धत स्कॉटलंडचे गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये मांडली. सपाटीवर ताशी पाच किलोमीटर आणि दर सहाशे मीटर चढाईसाठी आणखी एक तास. हा हिशेब थंड हवेत चालणाऱ्या सराईतांचा आहे. वऱ्हाडच्या उन्हात, पाठीवर ओझे घेऊन, मुलांना सोबत घेऊन चालायचे तर त्यात निम्म्याने वाढ करावी. उदाहरणार्थ, १२ किलोमीटरची वाट आणि एकूण ३०० मीटर चढ असेल तर नेस्मिथच्या हिशेबाने तीन तासांच्या आत परत येता येते. बुलढाण्यात त्यासाठी साडेचार तास धरावेत आणि विश्रांती मिळून सहा.

आता पाणी. उन्हात चढणाऱ्या माणसाला तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी लागते. सहा तासांचे झाले तीन ते साडेचार लिटर. चौघांचा गट असेल तर १२ ते १८ लिटर, म्हणजे तेवढेच किलो वजन. हा आकडा समोर आला की अनेक बेत आपोआप आटोक्यात येतात. दोन दिवसांची, वाटेत मुक्कामाची मोहीम आखली तर प्रत्येकाला आठ-नऊ किलोचे निव्वळ पाणी वाहावे लागेल. म्हणून या भागात एका दिवसात संपणारी, सकाळी लवकर निघून दुपारी दीड-दोनपर्यंत उतरणारी चाल हीच शहाणपणाची. मुक्काम डोंगरात करण्याऐवजी खालच्या गावात किंवा शहरात करावा.

केवळ पाणी पिऊनही भागत नाही. घामावाटे मीठ जाते. ते भरून न काढता लिटरच्या लिटर साधे पाणी प्यायल्यास मळमळ, डोकेदुखी, गोंधळल्यासारखे होणे असे त्रास सुरू होतात. दर दोन तासांनी ओआरएसचे पाणी, सोबत शेंगदाणे-गूळ किंवा दशम्या असा साधा खुराक पुरेसा असतो. पिशवीतले अर्धे पाणी संपले की, माथा आलेला असो वा नसो, मागे फिरायचे. हा नियम गट निघण्यापूर्वीच सर्वांनी मान्य केलेला असावा. थकलेल्या आणि तहानलेल्या गटाला डोंगरावर असा निर्णय घेणे जड जाते.

पाणवठा आपला नव्हे

वाटेत पाण्याचे डबके दिसले म्हणजे प्रश्न मिटला, असे वाटणे स्वाभाविक आहे. धोका तेथेच असतो. नोव्हेंबरनंतर डोंगरात जे थोडे पाणवठे उरतात, त्यांवर अस्वल, बिबट्या, नीलगाय, चितळ, रानडुक्कर साऱ्यांचा डोळा असतो. ज्ञानगंगा परिसर अस्वलांसाठी ओळखला जातो आणि येथील गावकऱ्यांना वाघापेक्षा अस्वलाची धास्ती अधिक. अस्वलाचे नाक तीक्ष्ण, पण नजर अधू. वाऱ्याची दिशा उलटी असेल तर माणूस अगदी जवळ येईपर्यंत त्याला कळत नाही, आणि मग दचकलेले अस्वल पळण्याऐवजी अंगावर येते.

यातून काही साधे नियम निघतात. सूर्य चांगला वर आल्यावरच झाडीत शिरावे आणि मावळण्याच्या दोन तास आधी बाहेर असावे. नाल्याच्या पात्रातून, दाट झुडपांतून, खडकांच्या कपारींजवळून जाणारी 'जवळची वाट' टाळावी. चौघांपेक्षा कमी असू नये. एकमेकांशी नेहमीच्या आवाजात बोलत चालावे, म्हणजे जनावराला चाहूल लागून ते बाजूला होते. पण गाणी लावून, आरडाओरडा करून जंगल डोक्यावर घेऊ नये. मुले रांगेच्या मध्ये ठेवावीत. अस्वल दिसलेच तर पाठ फिरवून पळू नये. त्याच्यावर नजर ठेवून सावकाश मागे सरकावे. अंगावर आलेच तर पालथे पडून मान आणि डोके दोन्ही हातांनी झाकून घ्यावे. आणखी एक शत्रू झाडांवर आणि कड्यांवर लटकलेला असतो. आग्या मोहोळ दिसले की धूर, अत्तराचा वास आणि दगड मारण्याची खोड या तिन्ही गोष्टी दूर ठेवाव्यात.

कोठून सुरुवात करावी

नवख्यांनी पहिली पसंती लोणारला द्यावी. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर उल्कापाताने बेसाल्टमध्ये झाले आहे. काठावरून आत उतरण्याची वाट, झाडीत लपलेली जुनी मंदिरे, धारेचा झरा आणि तळाशी क्षारयुक्त सरोवर, असे एका सकाळीत पुष्कळ पाहून होते. २०२० च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झाल्याने आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात रामसर स्थळाचा दर्जा मिळाल्याने या जागेकडे पुन्हा लक्ष वेधले गेले. सरोवराचे पाणी पिण्याजोगे नाही. त्याची पातळी वाढलेली असेल तर काठची वाट बुडालेली असते, म्हणून उतरण्यापूर्वी तेथील कर्मचाऱ्यांना विचारावे. येथे एक गोष्ट उलटी आहे. नेहमीच्या डोंगरावर चढ आधी असतो; लोणारला उतार आधी आणि चढ शेवटी, तोही ऊन तापल्यावर. निम्म्याहून अधिक पाणी परतीसाठी राखून ठेवावे.

दुसरी पायरी ज्ञानगंगेची. बुलढाणा किंवा खामगाव येथे मुक्काम करून सकाळच्या फेरीत हे जंगल पाहता येते. येथे मैलांचा हिशेब करण्यात अर्थ नाही. अंजनाचे वन, पक्षी, पाणवठ्याकाठचे ठसे पाहायला शिकणे, हीच या जागेची कमाई.

तिसरी आणि सर्वांत कस पाहणारी पायरी सातपुड्याची. सोनाळा-टुनकीच्या बाजूने अंबाबरव्यात जाता येते. जळगाव जामोद तालुक्यात सातपुड्याच्या कुशीत मैलगड हा फारसा परिचित नसलेला किल्ला आहे. तेथेही वनहद्द लागत असल्याने विचारूनच जावे. किल्ल्यांचीच ओढ असेल त्याने जिल्ह्याची सीमा ओलांडून अकोट तालुक्यातला नरनाळा गाठावा. शहानूरच्या नाक्यावर नोंद करून वर जावे लागते. पंधराव्या शतकातला देखणा महाकाली दरवाजा आणि गडावरचे तलाव पाहताना, जुन्या लोकांनीही या डोंगरात आधी पाणी आणि मग वस्ती असाच क्रम लावला होता, हे समजते.

या भागात कोरकू आणि निहाल समाजाच्या वस्त्या आहेत. वाटाड्या शक्यतो त्यांच्यातला घ्यावा आणि त्याची मजुरी घासाघीस न करता द्यावी. कोणत्या ओढ्याला अजून पाणी आहे आणि कोणत्या बाजूला काल अस्वल दिसले, हे कोणत्याही नकाशावर छापलेले नसते.

पोहोचणे आणि परतणे

मुंबई-नागपूर लोहमार्गावरील मलकापूर, नांदुरा आणि शेगाव ही स्थानके जिल्ह्यात आहेत. शेगावला भाविकांची सतत ये-जा असल्याने राहण्याची व्यवस्था चांगली आहे आणि सातपुडा व खामगाव ही दोन्ही टोके तेथून सोयीची पडतात. समृद्धी महामार्गामुळे सिंदखेडराजा आणि मेहकरच्या बाजूने लोणार जवळ आले आहे. परंतु रात्रभर गाडी हाकून पहाटे पोहोचायचे आणि तसेच डोंगर चढायला लागायचे, हा शहरी प्रघात येथे मोडावा. झोप नसलेल्या माणसाला ऊन लवकर लागते.

सातपुड्यात शिरल्यावर मोबाइलला बहुधा रेंज मिळत नाही. त्यामुळे वाट, गटातील नावे आणि परतीची वेळ घरच्या एका माणसाकडे लिहून ठेवावी. अमुक वाजेपर्यंत फोन आला नाही तर कोणाला कळवायचे, हेही त्यात असावे. रुग्णवाहिकेसाठी १०८, आपत्कालीन मदतीसाठी ११२ आणि वनखात्याच्या मदतीसाठी १९२६ हे क्रमांक सर्वांच्या खिशात हवेत. सर्पदंश झाल्यास जखमेला चिरा देणे, दोरीने आवळणे, मांत्रिकाकडे नेणे यांपैकी काहीही करू नये. रुग्णाला चालू न देता, दंश झालेला अवयव स्थिर ठेवून थेट शासकीय रुग्णालय गाठावे. निघण्यापूर्वीच सर्वांत जवळचे असे रुग्णालय कोणते आणि तेथे सर्पविषावरील लस आहे का, याची चौकशी केलेली असावी.

एक धोका घरी परतल्यावर उमटतो. पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या महिन्यांत गवतातील सूक्ष्म किड्यांच्या चाव्यातून 'स्क्रब टायफस' हा ताप येऊ शकतो. विदर्भात २०१८ मध्ये त्याचे बरेच रुग्ण आढळले होते. पूर्ण बाह्यांचे कपडे, पायमोज्यांत खोचलेली विजार आणि उतरल्यावर लगेच आंघोळ ही त्यावरची साधी खबरदारी. सहलीनंतर दोन-तीन आठवड्यांत ताप आला, अंगावर काळी खपली दिसली, तर डॉक्टरांना 'आम्ही जंगलात गेलो होतो' हे आवर्जून सांगावे. उपचार वेळेवर झाले तर हा आजार बरा होतो. निदान लांबले तर तो जीवावर बेततो.

बुलढाण्याच्या डोंगरांत उत्तुंग शिखरे नाहीत, धबधब्यांची रेलचेल नाही. येथे यायचे ते कमी पाण्यावर एवढे मोठे रान कसे जगते हे पाहण्यासाठी. त्या रानाच्या वाट्याचे थोडे पाणी त्याच्याचसाठी सोडून, आपले पाणी आपण वाहून नेऊन, उजेडात उतरून आले की सहल सफल झाली असे समजावे. रिकाम्या बाटल्या मात्र परत आणाव्यात.